हिरवी ५० टक्के शेडनेट: एप्रिल-मेला सोनं, श्रावणात अडचण

जालना-संभाजीनगर पट्ट्यात भाजीपाल्याच्या रोपवाटिकेसाठी दुकानात ‘नेट’ मागितली की बहुतेक वेळा हीच पुढे येते: हिरवी, ५० टक्के सावलीची, ३ मीटर रुंद आणि ५० मीटर लांब रोल. मिरची-टोमॅटोच्या रोपांना उन्हाळ्यात माल कामाचा आहे. बारमाही ताणून ठेवायचा मात्र नाही.

मे महिन्यात दुपारी उघड्यावर लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र) १ लाख लक्सच्या आसपास जातो. टोमॅटोच्या पानाचं पोट साधारण निम्म्या उजेडातच भरतं, वरचा उजेड नुसतं पान तापवतो. पारा ४० च्या पुढे गेला की पाणी वाचवायला पर्णरंध्रं मिटतात आणि कर्बवायू आत येणं जवळजवळ थांबतं. त्यात कर्बवायू धरणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) उष्णतेत ऑक्सिजनलाच जास्त धरू लागतं, म्हणजे केलेल्या कमाईतली काही वाया. दुपारी १ वाजता ट्रेमधल्या पानांच्या कडा वर वळलेल्या दिसतात ते याच उष्णतेच्या आणि पाण्याच्या ताणामुळे. मका, ज्वारी, ऊस यांच्या पानांत कर्बवायू आधी पकडून रुबिस्कोभोवती दाट करायची सोय असते, त्यांना नेट लागत नाही. (ज्वारीवर नेट टाकणारा अजून भेटायचा आहे.)

‘जास्त सावली, जास्त गारवा’ म्हणून ७५ टक्क्यांची नेट गळ्यात मारतात, ती घेऊ नका. आत जेमतेम २५ हजार लक्स उरतात. रोप उंच, खोड बारीक, पान फिकट. गारवा सावलीपेक्षा हवेवर ठरतो: छत ३ मीटरच्या वर घ्या, बाजू वारा खेळेल अशा ठेवा. डोक्याला लागेल इतकी खाली बांधली तर आत भट्टी होते. पाणी सकाळी ९ च्या आत द्या, कारण पानाचं खरं काम ऊन चढायच्या आत होतं.

रंगाबद्दल आमची तक्रार आहे. पानाला मुख्यतः लाल आणि निळा प्रकाश लागतो. हिरवी जाळी नेमका तोच जास्त अडवते आणि हिरवा आत सोडते. पैसे असतील तर त्याच टक्क्यांची पांढरी घ्या, तिच्यातून उजेड पसरून खालच्या पानांपर्यंत पोचतो.

छापलेल्या टक्क्यांवर विसंबू नका. निरभ्र दिवशी १२ वाजता एकाच मीटरने बाहेर आणि आत मोजा. मोबाइलच्या ॲपचा आकडा कच्चा असतो, पण आत-बाहेरचं प्रमाण अंदाजाला पुरतं. मळणीच्या हंगामानंतर जाळीवरून बोट फिरवा; धुळीने काळं आलं तर ५० ची नेट ५० ची राहिलेली नाही. पाइपने धुऊन काढा.

श्रावणात ढग दाटले की उघड्यावरच २०-२५ हजार लक्स असतात, त्याच्या निम्म्यात रोप उपाशी मरतं. तेव्हा नेट गुंडाळा. लागवडीआधी ७-८ दिवसही आधी सकाळ-संध्याकाळ, मग दिवसभर ती काढत जा. सावलीतलं पातळ पान एकदम उन्हात नेलं तर पांढरं पडतं.

विणीत मोनो-मोनो (दोन्हीकडून गोल धाग्याची) टेप-टेपपेक्षा (चपट्या पट्टीच्या विणीपेक्षा) महाग, पण वाऱ्यात कमी फाटते. रोलवर यूव्ही-स्थिर (उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारी) लिहिलेलं नसेल तर स्वस्तातही घेऊ नका.