नाटक-पटकथा शिकायची? आधी वेळापत्रक मागा

पटकथालेखन म्हटलं की पहिलं नाव येतं पुण्याच्या एफटीआयआयचं, म्हणजे चित्रपट आणि दूरचित्रवाणीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेचं, आणि ते योग्यच आहे. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या या संस्थेत पटकथेचा दोन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पदवी कुठल्याही शाखेची चालते, पण प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. खरी जमेची बाजू म्हणजे शेजारीच दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन शिकणारी मुलं असतात. कागदावर झकास वाटलेला प्रसंग संकलनाच्या टेबलावर का उडतो, हे लेखकाला तिथे डोळ्यांनी बघता येतं. मुलं देशभरातून येतात, त्यामुळे व्यवहार हिंदी-इंग्रजीतच जास्त. मराठी संवादांवर तिथे बारकाईने काम होईल, अशी अपेक्षा धरू नये.

नाटकाचं चित्र वेगळं आहे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची कलिन्यातली अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स किंवा दिल्लीची एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय), यांपैकी कुठेही गेलात तरी लेखन हा मोठ्या नाट्यशिक्षणाचा एक भाग असतो. एनएसडीच्या तीन वर्षांत भर अभिनय आणि रचना-दिग्दर्शनावर आहे. नाटककार व्हायचंय म्हणून यावर नाक मुरडू नका. नटाला विंगेत जाऊन कपडे बदलून यायला किती वेळ लागतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दुसऱ्या अंकात हमखास घोळ होतो.

आता मुद्द्याचं. माहितीपत्रकातली पाहुण्या व्याख्यात्यांची नावं बाजूला ठेवा आणि लेखनाच्या तासांचं वेळापत्रक मागा. दोन अंकी नाटक मोठ्याने वाचायला दोन ते अडीच तास लागतात. वर्गात १२ मुलं असतील तर प्रत्येकाची संहिता एकदा वाचण्यातच २४ ते ३० तास गेले. आठवड्याला दोन तास आणि सत्र १५ आठवड्यांचं, म्हणजे हातात आहेत एकूण ३० तास. पहिल्या खर्ड्यातच सत्र संपतं! दुसरा खर्डा कुणी ऐकतच नाही, आणि लेखन तर तिथूनच सुरू होतं. म्हणून तीन गोष्टी विचारा: संहिता किती वेळा वाचली जाते, वाचन नट करतात की लेखक स्वतःच, आणि पहिल्यापासून शेवटच्या खर्ड्यापर्यंत मार्गदर्शक एकच असतो का. दर सत्राला मार्गदर्शक बदलला की सूचना उलटसुलट येतात आणि संहिता तिथेच अडकते. शक्य असेल तर मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याचा पहिला आणि शेवटचा खर्डा शेजारी ठेवून वाचा. नुसते संवाद घासूनपुसून घेतलेत की प्रसंगांचा क्रमच बदललाय, ते लगेच कळतं.

खासगी संस्थांची फी लाखांत असते. तिथे विद्यार्थीदशेत लिहिलेल्या संहितेचे हक्क कुणाकडे राहतात, हेही लेखी घ्या.

नुकतीच बारावी झाली असेल तर घाई नको. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३पासून सुरू आहे. त्यात दरवर्षी स्वतः लिहिलेली एकांकिका उतरवणारं कॉलेज निवडा आणि पदवी कुठल्याही विषयात घ्या.