बिल रसेल की स्टीव्ह कर?

खेळाडू म्हणून अजिंक्यपद आणि प्रशिक्षक म्हणूनही, हे एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, मोजक्यांनाच जमलं. त्यातले हे दोघे अगदी दोन टोकांचे.

रसेल बोस्टन सेल्टिक्स संघाचा कणा. १३ हंगामांत ११ विजेतेपदं. १९६६ मध्ये प्रशिक्षक रेड आवरबाखनंतर संघ त्याच्याच हाती आला आणि तो एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरला. खेळणंही चालूच! १९६९ च्या अंतिम मालिकेतला सातवा सामना लॉस एंजेलिसला होता. प्रतिस्पर्धी लेकर्सच्या मालकाने विजयोत्सवासाठी छताला फुगे टांगून ठेवले होते. रसेलचे गुण फक्त ६, पण रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) २१. सेल्टिक्स १०८-१०६ ने जिंकले, फुगे वरच राहिले. पुढे सिएटल आणि सॅक्रामेंटोत मात्र नुसता प्रशिक्षक म्हणून त्याला एकही विजेतेपद मिळालं नाही.

कर उलट. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, ५०वा, बहुतेक वेळ बाकावर. १९९७ च्या अंतिम मालिकेत मात्र संघातल्या मायकेल जॉर्डनभोवती प्रतिस्पर्धी दोघे धावले, चेंडू याच्याकडे आला आणि याने तो बिनचूक बास्केटमध्ये टाकला. खेळाडू म्हणून ५ विजेतेपदं. फिल जॅक्सन आणि पोपोविच, या दोन्ही नामवंत प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळला. बाकावरून खेळ वाचायला शिकला असावा. मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव शून्य, तरी २०१५ मध्ये पहिल्याच वर्षी वॉरियर्स संघाला विजेतेपद जिंकून दिलं. नंतर आणखी तीन.

खेळाडू निवडायचा तर रसेल, प्रश्नच नाही. संघ सोपवायचा झाला तर मी करकडे जाईन. अर्थात, त्याला स्टीफन करीसारखा तारा खेळाडू मिळाला होता. रसेलला रसेलच!