निळ्या झिनियापायी ६,१४९ रुपये गेले

घोडबंदर रोडवरच्या आमच्या पश्चिमेच्या बाल्कनीत मी नऊ वर्षं झाडं लावतेय. एप्रिल-मेच्या उन्हात तिथे झिनिया, सदाफुली आणि ऑफिस टाइम ही फुलझाडंच तग धरतात, हे मला पाठ आहे. तरीही फसले.

फेब्रुवारीत मोबाइलवर जाहिरात दिसली. उन्हाळी फुलांच्या १२ रंगांचं बियाणं आणि आठ कुंड्या, १,३४९ रुपये. फोटोत निळाशार झिनिया. तिथेच थांबायला हवं होतं! झिनिया पांढरा, पिवळा, लाल, अगदी हिरवासुद्धा असतो, पण निळा नसतोच. मला माहीत होतं हे. पण आईच्या आजारपणात बाल्कनी पार वाळून गेली होती, काहीतरी चटकन फुलावं असं वाटत होतं. ज्यांना नावं ठेवायची त्यांनी खुशाल ठेवावीत.

कुंड्या आल्याच नाहीत. पाकिटांवर लॉट नंबर नाही, उगवणीची टक्केवारी नाही. असं पाकीट आलं तर फोडण्याआधी फोटो काढून ठेवा. झिनियाचं बी चपटं, टोकदार, वाळक्या गवताच्या रंगाचं असतं. यात निघाले बारीक काळे दाणे. पाणी शिंपडलं तर थोड्याच वेळात प्रत्येक दाण्याभोवती पांढरट, बुळबुळीत आवरण फुगलं. सब्जा! फालुद्यात घालतो तो.

तक्रार केली तर 'ताई, पूर्ण पैसे परत देतो' म्हणून विक्रेत्याने क्यूआर कोड पाठवला. फोनवर सारखी घाई, 'लवकर करा, कोड बंद होईल.' मी स्कॅन करून पिन टाकला आणि ४,८०० रुपये गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे सासूबाईंना मीच शिकवलं होतं. कोणी अशी घाई करायला लागला की फोन ठेवून द्या.

असं फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच क्षणी फोन करा. मी लाजेने दुसऱ्या दिवशी केला, तोवर त्याचं खातं रिकामं झालं होतं. पोलिसांकडे गेले तर म्हणे ऑनलाइन तक्रार करा. ऑनलाइन केली तर पोलीस ठाण्यात या. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. तीन फेऱ्या झाल्या, दोन रजा गेल्या. एका साहेबांनी तर मलाच झापलं, 'बिया कोणी ऑनलाइन मागवतं का? रक्कम तरी केवढी!' केवढी म्हणजे? असे किती जणांचे घेतले असतील त्याने, ते कोणी मोजलंय का? चोराला एक प्रश्न नाही, उलटतपासणी माझी.

बियाणं नर्सरीतून, हातात घेऊन, बघून घ्या. काल तीच जाहिरात पुन्हा दिसली, नवीन नावाने. फोटो तोच, निळा झिनिया.