जिंजाचा लूप, आठ महिन्यांनंतर: काम चोख, तोंडाला कुलूप

चवथीला सहा दिवस होते. माळ्यावर सुपारीची पोती, पडवीत माटोळीसाठी (गणपतीवर टांगायच्या फळांच्या सजावटीसाठी) बांधून ठेवलेले घोस, आणि आमच्या वेबसाइटवर ठळक अक्षरांत: ‘सध्या माल संपला आहे.’ तीन दिवस! कळलं कसं, तर पणजीच्या एका नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंनी आईला फोन केला, “वहिनी, यंदा कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) काय झालं?”

त्याच संध्याकाळी ते पान बनवणाऱ्या जिंजाला एक स्टार द्यायला बसलो होतो. आता राग उतरलाय, पण सगळा नाही.

यादी दाखवणाऱ्या साध्या पानाचे एका डेव्हलपरने पंधरा हजार सांगितले, म्हणून मार्चमध्ये फ्लास्क (पायथॉनमध्ये वेबसाइट बांधायचं साधन) आणि जिंजा (माहिती टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, भरून देणारं साधन) घेऊन मीच बसलो. दमडी लागली नाही. जिंजा म्हणजे जपानी देऊळ. टेम्पल आणि टेम्प्लेट अशी ती कोटी. फोंड्यात राहणाऱ्याला देवळाचं काय नवल.

फॉर म्हणजे यादीतल्या एकेका वस्तूसाठी फेरी मारणारा लूप. मला आवडलं ते त्याच ओळीत इफ, म्हणजे अट, लावता येते हे. स्टॉक असलेल्याच वस्तू फिरवा म्हटलं की फेरीचा क्रमांक देणारा लूप.इंडेक्ससुद्धा तेवढ्याच मोजतो, अनुक्रमांकात भोकं पडत नाहीत.

मग बेरजेने छळलं. लूपच्या आत ‘सेट’ने (नावाला किंमत देऊन) रक्कम वाढवत नेली, बाहेर आल्यावर एकूण शून्य. जायफळ, मिरी, नारळ, सगळं फुकट. आत सेट केलेलं बाहेर टिकत नाही, असा नियमच आहे. 2.10 आवृत्तीपासून त्यावर नेमस्पेस (किंमत लूपबाहेरही टिकवणारा डबा) आहे, तो वापरलाही. पण नुसत्या किमतींची बेरीज सम फिल्टर एका ओळीत करतो, आणि नग गुणिले दर हे पायथॉनमध्येच उरकून टेम्प्लेटला आयता आकडा द्यावा. इथे चूक माझीच, स्टार कापत नाही.

आता मुख्य दुखणं. लूपला एल्स, म्हणजे ‘नाहीतर हे कर’, जोडता येतं. पायथॉनमधलं एल्स लूप मध्येच तोडणारा ब्रेक लागला नाही की चालतं. इथलं मात्र यादी रिकामी असेल तरच. जँगो या पायथॉनच्याच दुसऱ्या वेब साधनात त्यालाच एम्प्टी म्हणतात, ते नाव जास्त प्रामाणिक. मला हे इतकं आवडलं की प्रत्येक पानावर ‘माल संपला’ मीच हौसेने लिहिलं. पुढे एका पावसाळी रात्री कोड आवरताना पायथॉनमधल्या ‘माल’ यादीचं नाव ‘वस्तू’ केलं. टेम्प्लेट ‘माल’च मागत राहिलं. जिंजाला नाव ओळखीचं नसेल तर तो छापताना रिकामी जागा सोडतो आणि फॉरमध्ये शून्य फेऱ्या मारतो. शून्य फेऱ्या, म्हणून एल्स. लॉगमध्ये अवाक्षर नाही. पायथॉनने नेमएरर देऊन घर डोक्यावर घेतलं असतं! हा गडी मात्र गिऱ्हाइकाला शांतपणे परत पाठवतो.

उपाय एका ओळीचा निघाला: जिंजाच्या सेटिंगमध्ये स्ट्रिक्टअनडिफाइन्ड, म्हणजे अनोळखी नाव दिसलं की गप्प न बसता एरर. लावला आणि त्याच दिवशी आणखी दोन पानं कोसळली. एकात ‘सवलत’ छापत होतो, जी निम्म्या वस्तूंना कधी दिलीच नव्हती. मार्चपासून तिथे कोरी जागा दिसत होती आणि मला वाटायचं डिझाइनच तसं आहे. तिथे डिफॉल्ट फिल्टर (किंमत नसेल तेव्हा आपण ठरवलेलं छापणारा) लावला. तेव्हापासून पानाने एकदाही थाप मारलेली नाही. म्हणून एकाचे साडेतीन स्टार केले. चार नाहीत, कारण हे सेटिंग मुळात चालू का नसतं, याचं उत्तर मला अजून पटलेलं नाही, आणि त्या तीन दिवसांचे घोस शेवटी शेजारीपाजारी वाटावे लागले.

एल्स मात्र काढलं नाही. मजकूर बदलला: ‘यादी रिकामी दिसते आहे, एकदा फोन करून विचारा.’ खाली घरचा नंबर. दिवाळीनंतर आमसुलं खरंच संपली, आणि आता रोज दोनतीन फोन आईला येतात. ती फोन ठेवते आणि माझ्याकडे बघते.