सर्दी-तापाचा हिशोब: ओपीडी, स्वॅब की दर सोमवारचा प्रश्न?

तालुक्यातल्या तिघा डॉक्टरांनी विचारलंय की यंदा सर्दी-खोकला-तापाचा दर आठवड्याला हिशोब ठेवायचा म्हणतोय, पद्धत कुठली धरू? मी आरोग्यसेवक म्हणून सिंधुदुर्गात आयुष्य काढलं, फॉर्म भरून बोटं झिजली, त्यामुळे विचारल्यावर गप्प बसणं काय जमणार नाही.

ओपीडी मोजणं सगळ्यात सोपं. आपला देश मुख्यतः तेच करतो, 2004 पासून आयडीएसपी, म्हणजे सरकारचा साथीच्या आजारांवर नजर ठेवायचा कार्यक्रम, चालू आहे, उपकेंद्राचा एस फॉर्म, डॉक्टरांचा पी, लॅबचा एल, आता हे सगळं पोर्टलवर भरतात. व्याख्या पण ठरलेली, 38 डिग्री किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि दुखणं गेल्या 10 दिवसांतलं, की झाला आयएलआय, म्हणजे फ्लूसारखा आजार. अ‍ॅडमिट करावं लागलं तर सारी, म्हणजे श्वसनाचा गंभीर आजार. खर्च काही नाही, रजिस्टर टेबलावर असतंच.

पण ओपीडीत मोजला जातो तो जो आला तो. जुलैतली गोष्ट सांगतो, लावणीचे दिवस, रजिस्टरला आख्ख्या आठवड्यात तापाचे चारच पेशंट, म्हटलं वा, बरं चाललंय. मग एका वाडीत क्लोरीनच्या गोळ्या द्यायला गेलो तर पहिल्याच घरी पडवीत आजी घोंगडी घेऊन खोकतेय, नातू तापाने फणफणलेला, आणि सून गुडघाभर चिखलातून वर येऊन म्हणते, भाऊ, लावणी आटपली की आणते दोघांना. त्या वाडीत सात घरं अशी निघाली! म्हणजे आकडा कमी होता तो आजार कमी म्हणून नाही, दवाखान्यात यायला कोणाला सवड नव्हती म्हणून.

गणपतीत नेमकं उलटं. चाकरमानी आले की चौघांच्या घरात चौदा माणसं, रात्रभर भजनं, दाटीवाटीनं झोपणं, आणि पाचव्या दिवशी ओपीडी फुल्ल. आता आजार दुप्पट झाला की माणसंच दुप्पट झाली? रजिस्टर सांगू शकत नाही. त्यात आपल्याकडे फ्लूच्या लाटा दोन, एक जानेवारी ते मार्च आणि दुसरी पावसाच्या मागोमाग, म्हणजे दुसरी नेमकी गणपतीच्या आसपासच येते.

आता ऑस्ट्रेलियावाल्यांचं बघा. तिथे 2006 पासून फ्लूट्रॅकिंग म्हणून आहे, साधे लोक नाव नोंदवतात आणि दर सोमवारी त्यांना एकच विचारणा जाते, गेल्या आठवड्यात घरात कोणाला ताप किंवा खोकला झाला का? 2018 पासून न्यूझीलंड पण त्यात आहे. हे वाचलं तेव्हा मला भारी वाटलं ते एवढ्यासाठी की ज्याला काहीच झालं नाही तो पण उत्तर देतो. आपल्या सरकारी भाषेत निरंक! मी नोकरीत होतो तेव्हा कितीतरी जण निरंकचा रकाना कोराच सोडायचे, आणि कोऱ्या रकान्याचा अर्थ कोणी आजारी नाही की कोणी बघायलाच गेलं नाही हे वरच्या साहेबाला कळणार कसं? ठरलेल्या माणसांना दर आठवड्याला विचारलं तर शंभरात किती हे कळतं, लावणी असो की गणपती.

खोट यातही आहे. मोबाईल हातात असलेलेच उत्तर देतात, म्हातारी माणसं सुटतात, काही आठवड्यांनी बरेच जण कंटाळतात आणि डोंगरातल्या वाडीत रेंज नाही ती नाहीच. शिवाय ताप-खोकला झाला एवढंच कळतं, कशानं झाला ते नाही.

त्यासाठी स्वॅब, नाका-घशातला नमुना. फ्लूचा एच1एन1, एच3एन2, बी यांतला कुठला प्रकार की कोविड हे लॅबच सांगणार, बी फ्लूचं यामागाटा घराणं मार्च 2020 नंतर जगात कुठे खात्रीनं सापडलेलं नाही हेसुद्धा लॅबनंच कळलं, आणि लसीत कुठले विषाणू घ्यायचे ते जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरात, असल्याच नमुन्यांवरून सुचवते. पण स्वॅब लवकर घ्यावा लागतो, बर्फाच्या डब्यात थंड ठेवून पाठवावा लागतो, आणि पावसात घाट बंद झाला की डबा बसला अडकून. दोडामार्गाकडे मात्र पर्याय नाही, तिथे 2016 पासून माकडतापाचे (गोचिडीतून होणारा केएफडी) पेशंट सापडलेत, त्याचा हंगाम आणि फ्लूची पहिली लाट एकाच वेळी, नुसतं ताप लिहून भागत नाही. पावसात लेप्टो, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप, आहेच.

सांडपाण्यात विषाणू तपासायचे म्हणाल तर ते शहरात, आपल्याकडे गटारलाइन कुठाय, शोषखड्डे आहेत. गुगलवरच्या सर्चवरून अंदाज काढायचा प्रकार पण होऊन गेला, गुगल फ्लू ट्रेंड्स, 2008 ला आलं, 2012-13 च्या सीझनला अमेरिकेत अंदाज खूपच जास्त निघाला, 2015 ला बंद.

नुसतं लस कधी टोचायची एवढंच ठरवायचं असेल तर यातलं काहीच करू नका, दोन लाटा माहीत आहेत तेवढं पुरे. पण लाट चढताना चार दिवस आधी कळायला हवी असेल तर मी सोमवारचा प्रश्नच धरीन, अ‍ॅपबिप नको, वाडीवाडीतली मिळून 60 घरं ठरवा आणि तुमच्या कंपाउंडरनं फोन करायचा (आशाताईच्या गळ्यात मारू नका, तिला आधीच श्वास घ्यायला सवड नाही). रेंज नसलेल्या वाडीचा निरोप दूधवाला आणेल. ओपीडी रजिस्टर चालू असतंच, ते शेजारी ठेवून ताडून बघा. आकडा वर सरकला की मगच पाच-सहा स्वॅब.

आणि सुरुवात मृगाच्या आधी, नाहीतर एरवीचा आकडा किती हेच कळणार नाही. वहीला चार रकाने, घर, माणसं, ताप-खोकला, पाहुणे, गणपतीत शेवटचा विसरायचा नाही. कोणी आजारी नसेल तर शून्य लिहा, रेघ मारू नका.