संस्कृती की भेदभाव? सदाशिव पेठेतला दोन दिवसांचा वर्ग: मोजणी चांगली, अर्थ लावताना घाई

एक समाज पुढे जातो, दुसरा मागे राहतो, ते रीतिभातीमुळे की दार बंद ठेवल्यामुळे, या प्रश्नावरचा शनिवार-रविवारचा वर्ग. शुल्क 1,800 रुपये, त्यात चहा आला, जेवण नाही. लॅपटॉप न्याच, कारण एक्सेलची फाइल मोबाइलवर धड उघडत नाही.

शनिवारी सकाळी पगारातल्या तफावतीची फोड करायला शिकवतात. ओहाका आणि ब्लाइंडर या अर्थतज्ज्ञांनी 1973 मध्ये वेगवेगळी मांडलेली ही पद्धत. सरावाचं गणित सोपं आहे: एका गटाचा सरासरी पगार 30,000, दुसऱ्याचा 22,000, शिक्षण 15 वर्षं आणि 12 वर्षं. पहिल्या गटाला शिक्षणाच्या दर वर्षामागे 1,500 रुपये जास्त मिळतात. म्हणजे 8,000 पैकी 4,500 शिक्षणाच्या खाती आणि उरलेले 3,500 'भेदभाव'.

इथेच गडबड आहे. दुसऱ्या गटाला त्याच एका वर्षाचे 1,000 मिळत असतील आणि तो दर धरला, तर शिक्षणाच्या खाती 3,000 जातात आणि उरतात 5,000. शीटमध्ये एकच दर भरून ठेवलाय; दुसरा स्वतः घालून बघा. शिवाय उरलेल्या रकमेत अनुभव, इंग्रजी, ओळखीपाळखी असं न मोजलेलं बरंच काही दडलेलं असतं, तेव्हा ती सगळी भेदभावाच्या माथी मारता येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी. ती 3 वर्षं कमी का पडली? शाळेतच वेगळं बसवलं असेल, तर 'शिक्षणामुळे' म्हणून बाजूला काढलेल्या 4,500 मध्येही भेदभाव आहेच. वर्गात हा भाग पाच मिनिटांत उरकतात.

दुपारचं सत्र सगळ्यात सरस. महार सैनिक 1818 मध्ये कोरेगावला लढले. 1890 च्या दशकात 'लढवय्या जातीं'च्या, म्हणजे ठराविक जातीच लढू शकतात या ब्रिटिशांच्या सिद्धांतापायी त्यांची सैन्यातली भरती थांबली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पलटण उभी राहिली, नंतर मोडली. 1941 मध्ये महार रेजिमेंट आली. घरातले संस्कार इतक्या वेळा पालटत नाहीत, पालटला तो भरतीचा नियम. मारवाडी व्यापाऱ्यांवरची चर्चा मात्र काटकसरीवरच अडते. गद्दीवर, म्हणजे पेढीवर बसून काम शिकणं, नातेवाइकांकडून शब्दावर मिळणारं भांडवल, बुडवलं तर जातीत पत जाण्याची भीती हे निघतच नाही. याला संस्कृती म्हणा. पण ज्याला त्या गद्दीवर बसायलाच मिळत नाही त्याच्यासाठी ती भिंतच.

रविवारी जोडीने चाचणी. भाड्याच्या घरांच्या 30 जाहिरातींना दोन वेगळ्या आडनावांनी एकच मजकूर पाठवायचा. फोन नको, आवाज आणि बोलीने निकाल बिघडतो. आधी कोणी पाठवायचं ते दर जाहिरातीला आलटून पालटून, नाहीतर मधल्या तासात फ्लॅट खरंच जातो. नमुना निकाल 18 विरुद्ध 15 उत्तरं, आणि त्यावर लगेच निष्कर्ष. दोघांनाही उत्तर आलेल्या 13 आणि कोणालाच न आलेल्या 10 जाहिराती वगळल्या की एकालाच उत्तर मिळालेल्या उरतात 7: पाच आणि दोन. नाणं 7 वेळा उडवलं तरी 5-2 किंवा त्याहून एकतर्फी कौल साधारण 45 टक्के वेळा पडतो. किमान काहीशे जाहिराती हव्यात.

वाचायला थोरात आणि अटवेल यांचा 2007 चा नोकरी-अर्जांचा अभ्यास देतात: पात्रता सारखीच, फरक फक्त नावाचा, पुढे बोलावणं येण्याचे ऑड्स (येण्याच्या आणि न येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर) सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला 0.67 पट, मुस्लिम नावाला 0.33 पट. निवड चांगली आहे. पण दिल्लीत झालेला 2009 चा अभ्यास जोडायला हवा होता, त्यात सॉफ्टवेअरच्या जागांसाठी जातीनुसार ठळक फरक दिसला नव्हता.

टक्केवारी आणि सरासरीशी वाकडं असेल तर शनिवारची सकाळ जड जाईल. शीट मागितली तर आधी मेलवर पाठवतात; ती आदल्या दिवशीच सोडवून जा.