बुर्ज खलिफा : 124 वा मजला पुरेसा आहे

गेल्या डिसेंबरच्या अखेरीस धाकट्या भावाकडे दुबईला जाण्याचा योग आला, तेव्हा आई-बाबांना बुर्ज खलिफावर न्यायचे हे साताऱ्यातून निघण्यापूर्वीच ठरले होते. तिकीट 124 आणि 125 व्या मजल्यांचे काढावे की त्याहून महाग असलेले 148 व्या मजल्याचे, यावर मात्र घरात बरीच चर्चा झाली. आम्ही 124 व्या मजल्याचे काढले आणि आपल्याकडून जाणाऱ्या कोणालाही मी तेच सुचवीन.

4 जानेवारी 2010 रोजी खुल्या झालेल्या या इमारतीची एकूण उंची 828 मीटर आहे. 124 वा मजला 452 मीटरवर आहे, तर 148 वा 555 मीटरवर. आपला अजिंक्यतारा साताऱ्याच्या वस्तीपासून साधारण 300 मीटर उंच आहे. म्हणजे अजिंक्यताऱ्यावर आणखी अर्धा अजिंक्यतारा ठेवला की 124 वा मजला येतो. गणिताने पाहिले तर या मजल्यावरून क्षितिज सुमारे 76 किलोमीटरवर असते आणि 148 व्या मजल्यावर गेल्यास ते 84 किलोमीटरपर्यंत सरकते. परंतु वाळवंटाकाठच्या त्या हवेत धूळ आणि समुद्राची वाफ इतकी असते की पहिले 76 किलोमीटरसुद्धा एरवी नजरेस पडत नाहीत. वरच्या मजल्यावर गर्दी कमी असते हे खरे. ज्यांना शांतताच हवी आहे त्यांनी तेवढ्यासाठी तो खर्च अवश्य करावा.

प्रवेश दुबई मॉलच्या तळमजल्याखालून आहे. तपासणी झाली की इमारतीच्या बांधकामाची माहिती मांडलेल्या लांब मार्गिकेतून लिफ्टपर्यंत जावे लागते. लिफ्टचा वेग सेकंदाला 10 मीटर आहे, तरी ती हलते आहे हे पायांना जाणवत नाही. आईच्या कानाला दडे बसले तेव्हाच आपण किती वर आलो हे तिला कळले. मिनिटभरात दार उघडते.

माझ्या बाबांना अजिंक्यताऱ्यावर कोणी पाहुणा नेला की दक्षिण दरवाजाकडून मंगळाईच्या देवळाकडे चालता चालता यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर अशी एकेक नावे बोटाने दाखवण्याची सवय आहे. इथे आल्यावर ते पाच मिनिटे गप्प होते. मग भावाला म्हणाले, "अरे, नुसते उंच आहे म्हणून काय बघायचे? काय कुठे आहे ते सांग की." भाऊ नावे सांगू लागला आणि तेव्हापासून त्यांना खरे दिसू लागले. खाली सरळ गेलेला शेख झायेद रस्ता, त्यापलीकडे जुमेराहचा किनारा, समुद्रात भराव घालून केलेली जगाच्या नकाशाच्या आकाराची बेटे आणि पाठीमागे शहर संपताच सुरू होणारी वाळू. त्यामुळे जाण्यापूर्वी शहराचा नकाशा एकदा पाहून घ्यावा, ही माझी कळकळीची सूचना आहे.

124 व्या मजल्यावर बाहेरची मोकळी गच्ची आहे आणि सर्वांत जास्त वेळ तिथेच द्यावा. आतल्या काचेत दिव्यांचे प्रतिबिंब पडते, त्यामुळे छायाचित्रेही बाहेरूनच चांगली येतात. काचेला टेकून सरळ खाली पाहिले की इमारतीचे तीन पंख दिसतात आणि ते एकाच उंचीवर न थांबता वेगवेगळ्या टप्प्यांवर संपत गेलेले दिसतात. हे केवळ शोभेसाठी नाही. उंच इमारतीच्या बाजूंनी वाऱ्याचे भोवरे एका लयीत सुटू लागले तर इमारत झुलू लागते. दर टप्प्यावर आकार बदलल्यामुळे त्या भोवऱ्यांना एक लय सापडत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली उभे राहून ज्याने वारा अंगावर घेतला आहे, त्याला या युक्तीचे मोल लगेच पटेल.

वेळ निवडताना सूर्यास्ताच्या साधारण दीड तास आधीची घ्यावी. सूर्यास्ताच्या ऐन वेळेची तिकिटे महाग असतात आणि लवकर संपतात. थोडे आधी वर गेले की दिवसाचे शहर, मावळता सूर्य आणि लागलेले दिवे असे तिन्ही एकाच तिकिटात पाहता येते. आम्ही वर जवळजवळ दोन तास होतो. खालच्या इमारती सावलीत गेल्या, रस्त्यावर दिवे लागले, तरी आमच्या काचेवर ऊन होते. उंचीवर सूर्य उशिरा मावळतो म्हणून 80 व्या ते 150 व्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी रमजानचा रोजा दोन मिनिटे उशिरा सोडावा, असे दुबईच्या धर्माधिकाऱ्यांनी 2011 मध्ये सांगितले होते. भावाने हे सांगितल्यावर बाबांनी घड्याळ पुढे धरले आणि सूर्याची शेवटची कड बुडेपर्यंत ते कोणाशी बोलले नाहीत.

अंधार पडल्यावर इमारतीच्या पायथ्याशी असलेल्या तळ्यातले, संगीताच्या तालावर उडणारे कारंजे वरून पाहता येते, पण संगीत नीट ऐकू येत नाही. म्हणून खाली उतरल्यावर पुढच्या खेळासाठी काठावर थांबावे.